सुइणीच्या चाकूची मूठ

पुष्कळ जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा राज्य कुणाचं होतं हेसुद्धा आता कुणाला सांगता येत नाही. सांगायची गरजही नाही, कारण या गोष्टीत राजा येतच नाही. राजे चाकूच्या मुठी साफ करत बसत नाहीत.

नदीच्या वळणावर एक गाव होतं. गावात एक सुईण होती. तिला लहानथोर सगळे जिजी म्हणायचे. त्या गावात जन्मलेलं बहुतेक प्रत्येक माणूस पहिल्यांदा जिजीच्या हातात आलेलं होतं, आणि प्रत्येकाची नाळ एकाच चाकूनं कापलेली होती.

चाकू मिटणारा होता. मिटला की बाईच्या मुठीत लपेल एवढाच. पातं पोलादाचं, मूठ म्हशीच्या शिंगाची. शिंगाच्या दोन पट्ट्या, मध्ये पातं, आणि सगळं धरून ठेवणारे पितळेचे तीन खिळे. मुठीच्या एका बाजूला, अंगठा टेकतो तिथं, एक उथळ खळगा होता. तो कुणी कोरलेला नव्हता. जिजीच्या, आणि जिजीच्या आधीच्या सुइणींच्या अंगठ्यांनी तो पडला होता. शिंगाला खळगा पडायला किती बाळंतपणं लागत असतील याचा हिशोब ज्यांना करायचा त्यांनी करावा.

जिजीच्या हाताखाली सात वर्षं एक बाई होती. तिचं नाव तानू. वय पस्तिशीच्या पुढचं, अंगानं दणकट, हात हलका. पोट चाचपून बाळाचं डोकं कुठं आहे ते ती डोळे मिटून सांगायची. पण एक खोड होती तिला. कुणी ठामपणे बोललं की तिला ते खरं वाटायचं. दुसऱ्यानं त्याहून ठामपणे उलटं सांगितलं की तेही खरं वाटायचं. मग ती मधल्यामध्ये गोंधळून उभी राहायची. असली माणसं तुम्ही पाहिली असतील. कदाचित आरशातही.

पोळ्याला आठ दिवस होते तेव्हा जिजी गेली. जाताना तिनं चाकू तानूच्या हातात ठेवला आणि म्हणाली, "मूठ मळली आहे. साफ करून घे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी बायकांपुढं ठेव."

कशानं साफ करायची ते तिनं सांगितलं नाही. तानूनंही विचारलं नाही. मरणाऱ्या माणसाला असलं काय विचारायचं, असं तिला वाटलं. विचारायला पाहिजे होतं.

आता त्या गावची रीत ऐका, नाहीतर पुढचं कळायचं नाही. सुईण गेली की तिचा चाकू नवीन सुइणीकडे जायचा, पण असाच नाही. गावातल्या जाणत्या बायका बसायच्या आणि तो चाकू पारखायच्या. तीन गोष्टी पाहायच्या. पहिली, पातं अंगठ्याच्या नखानं एका हातात उघडलं पाहिजे, कारण सुइणीचा दुसरा हात कधी मोकळा नसतो. दुसरी, ओल्या हातातून मूठ सटकता कामा नये. तिसरी, चाकू मिटताना आवाज होता कामा नये, कारण त्या वेळी बाळंतिणीचा नुकता कुठं डोळा लागत असतो. जिला स्वतःचा चाकू सांभाळता येत नाही तिच्या हातात बायकांनी आपला जीव का द्यावा, असा साधा विचार होता.

चाकू नापास झाला तर काय? तर नदीपलीकडची सुईण बोलवायची. ती चांगली होती, पण ती पलीकडे होती. पावसाळ्यात नदी फुगली की नावाडी दोन दोन दिवस नाव सोडायचा नाही. आणि तानूच्या घरात तिची धाकटी जाऊ केशर दिवस भरून बसली होती. पहिलटकरीण. तिचा बांधा इतका बारीक होता, की जिजी तिच्याकडे पाहून गप्प व्हायची. जिजी सहसा गप्प होत नसे.

म्हणजे तानूला चाकू नीट करायचाच होता. इथपर्यंत तिच्या मनात काही गोंधळ नव्हता.

गोंधळ मूठ उजेडात धरल्यावर सुरू झाला. मूठ कुठं काळी होती, कुठं तपकिरी. एका बाजूनं मधासारखी पिवळी रेघ गेली होती. खिळ्यांच्या भोवती हिरवट काहीतरी साचलं होतं. खळग्यात हळद आणि तेल मुरून तो भाग अगदी काळाकुळकुळीत झाला होता. यातला मळ कुठला आणि शिंग कुठलं? काय काढायचं आणि काय ठेवायचं? तानूनं मूठ पुढं धरली, मागं धरली, पदरानं पुसली. पदर मळला. मूठ होती तशीच दिसली.

"जाऊबाई, तुमच्या चाकूला हा पिवळा डाग कसला पडलाय?" केशर म्हणाली.

"डाग आहे का तो?"

"मला काय ठाऊक. तुम्हीच तर सात वर्षं पाहिलाय."

तानूनं सात वर्षं चाकू पाहिला होता हे खरं. पण तिचं लक्ष बाळंतिणीकडे असायचं. चाकू जिजीच्या कमरेला असायचा, लागला की बाहेर यायचा, काम झालं की आत जायचा. डाग पहिल्यापासून होता की नंतर पडला, हे तिला काही केल्या आठवेना.

म्हणून ती परटिणीकडे गेली. मळ म्हटलं की परटिणीइतकं कुणाला कळणार?

परटिणीनं मूठ हुंगली आणि नाक मुरडलं. "तेलकट मळ आहे गं हा. वरवर पुसून निघतोय होय? साजीखाराच्या पाण्यात बुडवून ठेव. सकाळी घाल, दिवेलागणीला काढ. माझ्याकडे तेल्याच्या घरची धोतरं येतात, ती कशी बगळ्यासारखी जातात परत, विचार तेल्याला."

तानूनं तेल्याला विचारलं नाही, पण परटीण इतकी ठाम बोलत होती, की विचारायचं काही राहिलंच नव्हतं. सकाळी तिनं चाकू खाराच्या पाण्यात बुडवला. दिवेलागणीला काढला. मळ निघाला होता यात शंका नाही. पाणी चहाच्या गाळासारखं झालं होतं. पण मुठीचा रंगही गेला होता. बुरशी धरल्यासारखी ती पांढुरकी आणि मऊसर लागत होती. पाण्यात फार वेळ राहिलेलं नख कसं होतं, तशी.

आणि पातं उघडेना. शिंग फुगून पात्याला दोन्हीकडून गच्च धरून बसलं होतं.

"आता पांढरी झाली," तानू म्हणाली. "म्हणजे साफ झाली का?"

"उघडत नाही ना पण," केशर म्हणाली.

"तेच तर."

दुसऱ्या दिवशी ती तांबटाकडे गेली. तांबटाचे पाण्याचे हंडे चार गावांत जायचे, आणि ते नवे असताना त्यांच्याकडे उन्हात बघवत नसे.

"परटिणीला काय विचारतेस?" तांबट म्हणाला. "कापड वेगळं, भांडं वेगळं. ही कडक वस्तू आहे. चिंच घे, चुलीतली राख घे, पाण्यात कालव आणि काथ्यानं रगड. दम लावून रगड, कुरवाळत बसू नको. आणि ओल धरली आहे ना आत, ती भट्टीच्या तोंडाशी ठेवली की घटकेत जाईल. हंडा नाही मी असाच वाळवत?"

"मामा, पण हे शिंग आहे ना?"

"मग? मळ तो मळ."

तानूनं चिंच आणि राख लावून दम लावून रगडलं. तांबटानं स्वतः चाकू भट्टीच्या तोंडाशी ठेवला. थोड्या वेळानं केस जळाल्यासारखा वास आला. तांबटानं चिमट्यानं चाकू बाहेर ओढला.

पितळेचे तीन खिळे सोन्यासारखे लखलखत होते. तांबटाला तेवढेच दिसले आणि तो खूष झाला. मूठ मात्र राखाडी पडली होती, तिच्यावर आडव्या उभ्या चरेच चरे होते. शिंगाची एक पट्टी कडेला किंचित वर उचलली गेली होती, आणि मधल्या खिळ्यापासून टोकापर्यंत एक बारीक भेग गेली होती. काल न उघडणारं पातं आज ढिलं पडून इकडे तिकडे हलत होतं.

"खिळे बघ, खिळे," तांबट म्हणाला.

तानूनं खिळे पाहिले. खिळे खरंच छान होते. तिला रडावं की आभार मानावे ते कळेना. तिनं आभार मानले. बायकांना ही सवय लावलेली असते.

मग राहिला सोनार. तिसऱ्या दिवशी ती त्याच्याकडे गेली आणि म्हणाली, "तात्या, मला आता काहीच समजत नाही. हे बिघडलंय की साफ झालंय, तेवढं तरी सांगा."

सोनार हळू बोलणारा माणूस होता. हळू बोलणाऱ्यावर तर तानूचा लगेच विश्वास बसायचा. त्यानं मूठ डोळ्याजवळ नेली. "खडबडीत आहे म्हणून मळ धरते," तो म्हणाला. "गुळगुळीत केली की मळ धरणारच नाही. आधी या अंगानं करून दाखवतो. आवडलं तर उद्या दुसरं अंग करू. तो खळगाही घासून सपाट करावा लागेल. अवलक्षणी दिसतो."

त्यानं बिनखळग्याच्या बाजूपासून सुरुवात केली, हे तानूचं नशीब. बारीक कानस, मग त्याहून बारीक, मग कसली तरी लाल पूड आणि हरणाचं कातडं. दुपारपर्यंत ती बाजू आरशासारखी झाली. तानूनं त्यात स्वतःचं तोंड पाहिलं. जिजी गेल्यापासून पहिल्यांदा त्या तोंडावर हसू होतं.

ती पळत घरी आली. केशर कणीक मळत होती. "धर बघू," तानू म्हणाली, "कशी झाली आहे."

केशरनं ओल्या हातानं उघडा चाकू धरला. तो माशासारखा तिच्या बोटांतून निसटला आणि तिच्या पावलापासून चार बोटांवर जमिनीत रुतला.

तानूनं तो उपटून घेतला.

"जाऊबाई," केशर हळूच म्हणाली, "माझ्या वेळी तुम्ही दुसरा घ्या हं एखादा. विळी घ्या, काही घ्या."

हे केशर चेष्टेनं म्हणाली होती. पण तिचा हात पोटावर गेला होता, आणि तानूनं तो पाहिला.

आता तुम्ही म्हणाल, तिन्ही माणसं मूर्ख. अजिबात नाहीत. परटिणीची धोतरं खरंच पांढरी जायची. तांबटाचे हंडे खरंच लखलखायचे. सोनाराच्या हातचं काम डोळ्यांत भरायचं. तिघांनीही मनापासून सांगितलं, कुणी तिचं वाईट चिंतलं नाही. म्हणून तर तानूचं डोकं चालेना. खोटं सांगणारा एक तरी सापडला असता, तर त्याला शिव्या घालून ती मोकळी झाली असती.

तीन दिवस तिनं चाकूला हात लावला नाही. नुसती त्याच्यासमोर बसायची. फुगला होता तो चाकू खरा, की आकसला तो खरा, की चमकतोय तो? काळा खरा, की पांढरा, की राखाडी? ज्या मुठीला जिजीचा हात लागला होता, ती आता यात कुठं आहे? एकदा तर तिनं चाकूलाच विचारलं. चाकू काही बोलला नाही.

पोळ्याच्या आदल्या दिवशी, खांदमळणीला, ती पाणी आणायला निघाली होती. वाटेत वडाखाली गावातले बैल उभे होते. त्यांच्यात हैबती म्हातारा बसला होता. हैबतीला कमी ऐकू यायचं आणि कमी दिसायचं. गावात त्याला कुणी काही विचारत नसे. पण पोळ्याच्या आधी गावातल्या झाडून सगळ्या बैलांची शिंगं तो साळायचा. वर्षभराचा चिखल, साल, खरबरीत पापुद्रा, सगळं पात्यानं तासून काढायचा, आणि मग त्यांना तेल लावायचा.

तानू घागर घेऊन तशीच उभी राहिली. हैबतीच्या पायाशी शिंगाचा बारीक कीस पडला होता. राखाडी, पांढुरका. अगदी असलाच कीस सोनाराच्या कानशीखाली पडला होता. तिनं तो स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता.

"बाबा," ती म्हणाली, "हे शिंग आहे."

"काय म्हणालीस?"

"शिंग आहे हे," ती ओरडली.

"मग काय मुळा आहे?" हैबती म्हणाला.

तानूनं घागर खाली ठेवली, कमरेचा चाकू काढला आणि त्याच्या हातात दिला. हैबतीनं तो पाहिला नाही. त्यानं तो चाचपला. अंगठा खळग्यात बसला तसा तो थांबला.

"जिजीचा आहे," तो म्हणाला. "काय केलंत याला?"

तानूनं सगळं सांगितलं. खार सांगितला, चिंच आणि राख सांगितली, भट्टी सांगितली, हरणाचं कातडं सांगितलं. हैबतीच्या पुढ्यातल्या बैलाला ते सगळं नीट ऐकू गेलं. तो मान वळवून बोलला. हो, बोलला. तेव्हा बैल बोलायचे. आता बोलत नाहीत, कारण ऐकून घ्यायला कुणाला वेळ नाही.

"माझ्या डोक्यावर आहे तोवर तुम्ही याला तेल लावता," बैल म्हणाला. "तुमच्या हातात गेलं की याला कपड्यासारखं भिजवता, भांड्यासारखं घासता, आणि दागिन्यासारखं चमकवता. ते कुठून आलंय ते विसरता होय तुम्ही?"

तानूची मान खाली गेली. "मळ आहे म्हणून कपडेवाल्या, भांडीवाल्या माणसांना विचारत बसले," ती म्हणाली. "हे शिंग आहे हे तोंडानं म्हणाले मी. तांबटमामाला म्हणाले. पण माझ्या डोक्यात शिरलं नाही."

"जिजी दर वर्षी आजच्या दिवशी यायची," हैबती म्हणाला. "बैलांचं झालं की उरलेलं तेल मागायची आणि इथंच बसून मूठ पुसायची. तू कधी नसायचीस बरोबर."

तानूला आठवलं. दर खांदमळणीला जिजी तिला घरी धाडायची, उद्याचं पुरण करायचं आहे ना म्हणून. सात वर्षं धाडलं होतं.

"आता काय करू, बाबा? सांगा. तुम्ही सांगाल तसं करते."

"तसं नको करूस," हैबती म्हणाला. "मी सांगतो, तू करून बघ, आणि हाताला पटलं तर पुढं जा. नाहीतर मी तुझा चौथा होईन."

त्यानं तिच्या हातात खरवताचं वाळलेलं पान दिलं. त्या झाडाचं पान मांजराच्या जिभेसारखं खरखरीत असतं. "मुळाकडून टोकाकडे घास," तो म्हणाला. "शिंग वाढतं त्या दिशेनं. आडवं नको. केस उलटे विंचरतेस का कधी?"

तिनं सोनाराची चमकती बाजू आधी घेतली. तिचं तोंड दिसत होतं ते पानाच्या पाचसात फेऱ्यांत नाहीसं झालं. तिला जरा वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. मग दुसरी बाजू घेतली. तांबटाचे चरे बुजले. ती खळग्यापाशी आली आणि पान तिथंही नेऊ लागली, तसं हैबतीनं तिचं मनगट धरलं.

"तिथं नाही."

"पण सगळ्यात काळं तिथंच आहे, बाबा."

"नखानं खरवड. निघतंय?"

तिनं खरवडलं. वरचा चिकट थर नखात आला. खालचा काळा रंग आला नाही.

"नखात आला तो मळ. राहिलं ते शिंग. कळलं?"

सात दिवस ती जे शोधत होती ते एवढंच होतं. पिवळ्या रेघेवर तिनं नख ओढलं. रेघ जागची हलली नाही. रेघ म्हशीची होती, डोक्यावर होती तेव्हापासूनची.

"आता गोवरीची वस्त्रगाळ राख घे," हैबती म्हणाला, "आणि जवसाच्या तेलात कालव."

तानू दचकून मागं सरली. "राख? बाबा, राखेनंच तर वाटोळं केलं."

"पाण्यातल्या राखेचा खार होतो. तो शिंगाला खातो. तेलात तीच राख नुसती मऊ घासते."

"राख तीच?"

"तीच."

तानूला हे काही पटलं नाही. एक गोष्ट पाण्यात वैरीण आणि तेलात मैत्रीण, हे कसं काय? पण या वेळी तिनं मान डोलावली नाही. भेगेजवळच्या कोपऱ्यात आधी थोडंसं घासून पाहिलं. बोटानं पुसून पाहिलं. शिंग गुळगुळीत लागलं, फुगलं नाही, चरा पडला नाही. मग तिनं पुढं हात चालवला. आयुष्यात पहिल्यांदा तिनं कुणाचं ऐकण्याआधी तपासून पाहिलं होतं.

चिंधीनं तेल लावलं तशी राखाडी मूठ बघता बघता काळी झाली. तानू घाबरली. "पुन्हा मळली की हो."

"काळीच होती गं," बैल म्हणाला आणि डोळे मिटून रवंथ करू लागला.

उचललेली पट्टी कोमट तेलाच्या चिंधीत गुंडाळून, दोऱ्यानं आवळून, तिनं सावलीत ठेवली. पोळ्याचा सगळा दिवस ती तशीच राहू दिली. पट्टी जागेवर बसली. भेगेत तिनं मेण भरलं, पण भेग राहिली. हैबती म्हणाला, "ती आता जन्माची. तिच्यात पाणी शिरू देऊ नको, म्हणजे वाढायची नाही."

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी देवळाच्या ओट्यावर बायका बसल्या. मध्ये राही आत्या. राही आत्या गावातली सगळ्यात म्हातारी बाई. तिनं अकरा बाळंतपणं काढलेली, आणि कुणाचं तोंड बघून बोलायची तिला सवय नव्हती.

तिनं चाकू घेतला. नखानं पातं उघडलं. उघडलं. जरा जड, पण उघडलं. मग दोन्ही हात पाण्यात बुडवले, वर तेल घेतलं, आणि मूठ धरून हात जोरात झटकला. समोरच्या बायका मागं सरल्या. चाकू हातातून हलला नाही. आत्याचा अंगठा खळग्यात होता.

मग तिनं चाकू मिटला.

टक.

आवाज मोठा नव्हता. पण ओट्यावर सगळ्या गप्प होत्या, त्यामुळे तो शेवटच्या बाईपर्यंत गेला.

"भेग कुणाची?" आत्यानं विचारलं.

"माझी," तानू म्हणाली. परटिणीचं, तांबटाचं, सोनाराचं नाव तिनं घेतलं नाही. तिघांच्याही घरच्या बायका तिथंच बसल्या होत्या. "शिंग आहे हे विसरले मी. शिंग आटलं, पातं ढिलं पडलं, म्हणून वाजतंय. आता ते भरून यायचं नाही."

"दोन झाल्या, तिसरी नाही," आत्या म्हणाली. "रीत तीनची आहे."

एक बाई म्हणाली, नदीपलीकडे निरोप धाडावा. दुसरी म्हणाली, नदी पाहिलीस का आज? तिसरीनं काही म्हणायच्या आत केशरच्या सासूनं गल्लीतून हाक मारली. केशरच्या कळा सुरू झाल्या होत्या.

सगळ्यांनी राही आत्याकडे पाहिलं. आत्यानं चाकू दोन घटका हातात तसाच धरला होता असं नंतर बायका सांगत. मला वाटतं, दोन श्वास असतील. तिनं तो तानूपुढं केला.

"बाळंतिणीच्या कानाशी वाजला, तर परत घेईन."

दिवस मावळायच्या आत केशर मोकळी झाली. सोपं गेलं नाही. मूल आडवं होतं, तानूनं ते फिरवलं, आणि त्या वेळी तिचा हात अजिबात गोंधळला नाही. पातं उकळत्या पाण्यात धरलं, मूठ पाण्याबाहेर ठेवली. जिजीही तसंच करायची, हे तिला आत्ता आठवलं. हात रक्तानं, पाण्यानं, तेलानं माखले होते. चाकू जिथं पाहिजे तिथं थांबला, कारण अंगठ्याला घर होतं.

नाळ कापली. मुलगी झाली होती. केशरनं डोळे मिटले.

तानू चाकू मिटायला गेली आणि थांबली. उघडं पातं तळहातावर आडवं धरून ती उंबरा ओलांडून बाहेर आली. अंगण ओलांडलं. गोठ्यापाशी जाऊन, तिथं, तिनं चाकू मिटला.

टक.

अंगणात बसलेल्या बायकांनी तो ऐकला आणि त्या उठून उभ्या राहिल्या. मूल झालं, बाळंतीण निजली, हे तानूनं तोंडानं सांगायच्या आधीच त्यांना कळलं होतं.

राही आत्यानं चाकू परत मागितला नाही.

पुढं तानूनं कितीतरी वर्षं सुइणपण केलं. प्रत्येक वेळी ती उघडा चाकू घेऊन बाहेर यायची आणि गोठ्यापाशी मिटायची, आणि लोक कान देऊन त्या आवाजाची वाट बघत बसायचे. म्हणून भेग पडली ते बरंच झालं, असं कुणी म्हणालं की तानू भडकायची. "बरं काय झालं त्यात?" म्हणायची. "चांगला चाकू होता, मी वाजता करून ठेवला. त्या दिवशी मेण निघालं असतं आणि हात सटकला असता, तर तुम्ही काय म्हणाला असतात?"

तिच्या हाताखाली पुढं जी बाई आली, तिला तानू दर खांदमळणीला वडाखाली बरोबर घेऊन जायची. पुरण घरी कुणीतरी करेल, म्हणायची. मग तिचा अंगठा धरून खळग्यात ठेवायची आणि सांगायची, हे जिजीचं आहे. नंतर भेगेवर ठेवायची आणि सांगायची, हे माझं.

तेव्हा लहान असा की मोठे, एवढं लक्षात ठेवा: हातातली वस्तू साफ कशी करायची हे चार जणांना विचारण्याआधी ती कशाची आहे हे स्वतःला विचारावं.